त्रेचाळीस मिनिटं

शनिवारच्या ऑनलाइन वर्गात सरांनी अभ्यासाची सातवी केस पडद्यावर लावली आणि दुसऱ्याच परिच्छेदात तिला स्वतःचं टेबल दिसलं. नाव कुणाचंच नव्हतं. औषधं साठवून ठिकठिकाणी पोचवणारी एक मध्यम आकाराची कंपनी, एवढंच लिहिलं होतं. पण माल उतरवायच्या डॉकपासून अकरा पावलांवर सुपरवायझरचं टेबल, टेबलावर माल तापल्याचा इशारा देणारा लाल दिवा, आणि तो दिवा फक्त तिथेच लागतो, बाकी कुठेही नाही, हे वाचल्यावर तिने खुर्ची पुढे ओढली. उन्हाळ्यातली दुपार. शीतगृहात न्यायचे इन्सुलिनच्या खोक्यांनी रचलेले चौदा पॅलेट डॉकवर उतरवून ठेवलेले. आतल्या दाराला सुपरवायझरची किल्ली लागते, कागदावर सुपरवायझरची सही लागते, आणि सुपरवायझर जागेवर नाही. त्रेचाळीस मिनिटं. सरांनी पान सरकवायच्या आधीच पुढची ओळ कोणती असणार हे तिला कळलं होतं, आणि तीच आली. काम कुणाच्याही हाती न सोपवता सुपरवायझर चहासाठी निघून गेल्याचं चौकशीत उघड झालं. केस इंग्रजीत होती. त्या वाक्यात सुपरवायझर बाई आहे की पुरुष, हे कळायला काही मार्ग नव्हता. वर्गाने मात्र ते वाचता वाचताच ठरवून टाकलं. विमानतळावर मालाचं काम बघणारा एक जण होता, तो नेहमी पहिला बोलायचा. तो म्हणाला, "हा बाबा त्रेचाळीस मिनिटं चहा पीत होता की चहाची लागवड करत होता?" चौकोनाचौकोनांतून लोक हसले. आवाज बंद ठेवून हसणाऱ्यांचे नुसतेच दात दिसले.

तिचा कॅमेरा बंद होता. तो नेहमीच बंद असायचा. हजेरीपुरता ती लावायची आणि मग काढून टाकायची. एकोणपन्नासाव्या वर्षी पदव्युत्तर वर्गात बसायचं तर आपला चेहरा तीन तास समोर दिसत राहणं तिला नको वाटायचं. वर्गातले बहुतेक जण तिशीच्या आतबाहेरचे, सगळे नोकरी करणारे, आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी तिला 'ताई' करून टाकलं होतं. ताई, तुमची टिपणं पाठवा. ताई, हा तक्ता समजला का हो? ती पाठवायची, समजवायची. साठा किती ठेवावा, मागणीचा अंदाज कसा बांधावा, गाडी रिकामी परत येऊ नये म्हणून काय करावं, हे सगळं तिने सव्वीस वर्षं हातांनी केलं होतं, आता त्याची सूत्रं शिकत होती. कंपनीने वितरण प्रमुखाच्या जागेसाठी ही पदवी लागेल असं जाहीर केलं तेव्हा ती दोन दिवस विचार करत राहिली आणि तिसऱ्या दिवशी तिने अर्ज भरला. दोन वर्षं, चार सत्रं, शनिवारी-रविवारी सकाळी आठ ते अकरा. हे तिसरं सत्र होतं. इतक्या दिवसांत यातला एकही माणूस तिने प्रत्यक्ष पाहिला नव्हता, पण कुणाच्या मागे कोणता पडदा आहे, कुणाचं मूल दहा वाजता उठतं, कुणाला घरचे जेवायला हाक मारतात हे तिला माहीत होतं. अकरा वाजता वर्ग संपला की सगळे चौकोन एकामागून एक विझायचे आणि तिच्या खोलीत एकदम पंख्याचा आवाज यायचा. तो आवाज तीन तास तिथेच असायचा, पण त्या वेळी तो नव्याने सुरू झाल्यासारखा वाटायचा. तिला हाक मारणारं घरात कोणी नव्हतं.

सर शांतपणे ऐकत होते. अकाली पिकलेली खुरटी दाढी, जाड काचा, बोलताना मान थोडी डावीकडे कललेली. या प्रकारात एक पद्धत वापरतात, ते म्हणाले. काहीही बिघडलं की 'का' विचारायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा 'का' विचारायचं, असं पाच वेळा. माणसं साधारण दुसऱ्या 'का'पाशी थांबतात आणि तिथेच कुणाला तरी धरतात. मग त्यांनी वर्गालाच विचारलं. इन्सुलिन का खराब झालं? उन्हात राहिलं म्हणून. का राहिलं? दार उघडायला सुपरवायझर नव्हता म्हणून. का नव्हता? "चहाला गेला म्हणून," तीन-चार आवाज एकदम आले. का गेला? कपड्यांच्या कंपनीत काम करणारी एक मुलगी म्हणाली, तलफ आली असेल. विमानतळवाला म्हणाला, बेजबाबदार माणूस, सर, त्याला 'का' नसतं. सर म्हणाले, बुधवारपर्यंत प्रत्येकाने स्वतंत्रपणे पाच 'का' लिहून पाठवा. आणि पान पुढे सरकवलं.

शेवटच्या पानावर परिणाम दिले होते. अकरा रुग्णालयांना नऊ दिवस तुटवडा. शेजारच्या विभागांतून उसना साठा. आणि मग एक ओळ होती: या काळात रुग्ण दगावल्याची नोंद नाही. तिने ती ओळ वाचली. सर बोलत होते, ते ऐकू येईनासं झालं.  सोळा वर्षं एक माणूस तिच्या डोक्यात होता. कधी तो म्हातारा असायचा, कधी शाळेत जाणारी मुलगी. एखाद्या लहानशा गावच्या दवाखान्यात बाकावर बसलेला, आतून कोणीतरी येऊन आज नाही, उद्या या म्हणून सांगतंय. त्याचं पुढे काय झालं हे तिने कुणालाही विचारलं नव्हतं. कंपनीच्या कपाटात ते कागद नक्की असतील हे तिला ठाऊक होतं. सहा वर्षं ती त्याच कपाटांच्या खोलीत कामाला होती. निलंबन उठल्यावर शिक्षा म्हणून तिला तिथे बसवलं होतं. फाईल तिच्या हाताच्या अंतरावर होती, आणि तिने ती काढली नव्हती, कारण उत्तर मिळालं असतं.

अकरा वाजता चौकोन विझले. ती तशीच बसून राहिली. खालच्या मजल्यावर कोणीतरी भिंतीला भोक पाडत होतं, थांबत होतं, पुन्हा पाडत होतं.

त्या दुपारी ती तेहेतीस वर्षांची होती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि बारा दिवसांपूर्वी तिला कळलं होतं की दिवस राहिलेत. याआधी दोनदा असंच कळलं होतं आणि दोन्ही वेळा काही आठवड्यांत ते संपलं होतं. दोन्ही वेळा नवऱ्याने घरात येताना पावलं वाजू नयेत म्हणून चपला हातात घेतल्या होत्या. त्याचं ते चपला हातात घेऊन येणं तिला तिसऱ्यांदा बघायचं नव्हतं. तेव्हा या खेपेला तिने ठरवलं, तीन महिने होऊ देत, मग सांगू. तो लिफ्ट बसवण्या-दुरुस्तीचं काम करायचा आणि त्या आठवड्यात दुसऱ्या गावी गेला होता. दुपारी दोनच्या सुमाराला पहिली गाडी लागली, पॅलेट उतरायला लागले आणि तिच्या ओटीपोटातून एक कळ आली. ती टेबलाची कड धरून उभी राहिली. दुसऱ्या कळेनंतर तिला ओलं लागलं. दुसरा सुपरवायझर असता तर ती त्याला किल्ली देऊन गेली असती, पण ती जागा चौदा महिने रिकामी होती. हमालांना किल्ली द्यायला परवानगी नव्हती. आलेच दोन मिनिटांत, असं पॅलेट उचलणाऱ्या फोर्कलिफ्टवाल्याला सांगून ती निघाली. बायकांची कपडे बदलायची खोली तिसऱ्या इमारतीच्या मागच्या अंगाला होती. ती कशी चालत गेली हे तिला आठवत नाही, फक्त एवढं आठवतं की अंगणात ऊन होतं आणि ती गुडघे जवळ ठेवून, लहान पावलं टाकत, कुणी बघितलं तर नेहमीसारखी चालतेय असं वाटावं म्हणून चेहरा सरळ ठेवून चालत होती. खोलीला कडी होती. आत फरशी गार होती. ती फरशीवर बसली आणि मग उठताच येईना. तिथे घड्याळ नव्हतं. तिला वाटलं, दहा मिनिटं झाली असतील. किल्ली तिच्या मुठीत होती आणि नंतर दोन दिवस तळव्यावर तिचे दाते उमटलेले होते.

परत आली तेव्हा फोर्कलिफ्टवाला, ज्याला सगळे उंटच म्हणायचे इतका तो उंच होता, डॉकवर उभा होता. पॅलेटांवर त्याने मिळेल ते टाकलं होतं, पुठ्ठे, ओली पोती, स्वतःचा शीतगृहात घालायचा जाड कोट.  तिने दार उघडलं, सही केली. तापमापकावरचा आकडा बघितला तेव्हाच तिला सगळं कळलं. तेवढ्यात उंटाने तो कोट पॅलेटवरून काढून तिच्या हातात दिला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, कमरेला बांधा, बाई. त्याला काय दिसलं, किती समजलं, तिने कधी विचारलं नाही. चौकशीत त्याने एवढंच सांगितलं की बाई कुठेतरी गेल्या होत्या.

चौकशी पाचव्या दिवशी झाली. मधल्या दिवसांत ती एकटीच एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली होती. त्या चांगल्या होत्या, म्हणाल्या असं होतं कधी कधी, पडून राहा. पडून राहण्याऐवजी ती एका लांब टेबलासमोर बसली होती. पलीकडे पाच पुरुष, त्यांतले दोन तिने कधी पाहिलेले नव्हते, आणि कोपऱ्यात बाहेरच्या सल्लागार कंपनीचा एक तरुण वही घेऊन लिहायला बसलेला. सगळ्यांच्या पुढे कप होते. मधला साहेब साखर ढवळत होता, चमचा कपाच्या कडेला लागून किणकिण वाजत होता. बाई, त्या वेळात तुम्ही नेमक्या कुठे होतात? तिने तोंड उघडलं. खरी तीन वाक्यं तयार होती, रात्रभर तिने ती जुळवली होती, अगदी साधी, दवाखान्याच्या भाषेतली. पण ते या पाच जणांना सांगायचं म्हणजे, जे आपल्या माणसालासुद्धा अजून सांगितलेलं नाही ते आधी यांच्या वहीत जाणार. साहेबाने चमचा बशीत ठेवला. "चहाला," ती म्हणाली. साहेबाने मान हलवली, आणि तिला आजही शपथेवर सांगता येईल की त्याला बरं वाटलं. प्रकरण सोपं झालं होतं. कोपऱ्यातल्या तरुणाची लेखणी मात्र क्षणभर थांबली आणि मग पुन्हा चालू लागली.

रविवारी तिने गृहपाठ लिहायला घेतला. पहिल्यांदा तिने तेच लिहिलं जे सगळे लिहिणार होते. कामगारांना शिस्त हवी, जागा सोडण्यापूर्वी काम सोपवण्याचा नियम हवा. वाचून बघितलं. चांगलं होतं, दहापैकी आठ मिळाले असते. मग तिने ते पुसलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. समोरच्या इमारतीत एक म्हातारे गृहस्थ रोज या वेळी गॅलरीतल्या कुंड्या एका बाजूच्या उचलून दुसऱ्या बाजूला ठेवायचे, संध्याकाळी परत. तीन वर्षं ती ते बघत होती. त्यांना कधी हात केला नव्हता. तिच्या मनात आलं, आपण एवढा अभ्यास कुणासाठी करतोय? वितरण प्रमुखाची जागा मिळाली तर ते सांगायचं कुणाला? आई गेली. भावाला सांगितलं तर तो म्हणेल, अगं आता निवृत्तीचं बघ. ज्या माणसाला सांगावंसं वाटलं असतं त्याच्याशी अकरा वर्षांपूर्वी रीतसर काडीमोड झाला होता. भांडण असं काही झालंच नाही. चौकशीनंतर घरात एक प्रकारची शांतता येऊन राहिली. शुक्रवारी तो गावाहून परतला तेव्हा ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून होती. त्याने निलंबनाचं पत्र वाचलं, घडी घालून परत पाकिटात ठेवलं, आणि भात लावला. नोकरीचं काय एवढं, तो म्हणाला. तिने ते तसंच राहू दिलं. आधी वाटलं, थोडी बरी झाले की सांगेन, मग वाटलं, आता इतक्या उशिरा सांगितलं तर तो विचारेल तेव्हा का नाही सांगितलंस, आणि मग त्यालाही वर्ष उलटलं. तो हळूहळू जास्त दिवस बाहेरगावी राहू लागला. घरी असला की नम्रपणे वागायचा, एखाद्या पाहुण्यासारखा, आणि तिला ते त्याच्या चिडण्यापेक्षा सहन व्हायचं नाही. पाच वर्षांनी तोच म्हणाला की असं राहण्यात अर्थ नाही, आणि ती हो म्हणाली. आता त्याचं दुसरं लग्न झालं होतं. तिच्या वाढदिवसाला त्याचा फोन यायचा, दोन मिनिटांचा.

सोमवारी ती कामावर गेली तेव्हा डॉकवर उगाचच थोडा वेळ थांबली. आता दिव्याचा इशारा सगळ्यांच्या फोनवर वाजतो. किल्ली तिघांकडे असते. बायकांची खोली डॉकला लागून आहे. ती तिथे आणली ती तिनेच, सात वर्षांपूर्वी, जुन्या खोलीपर्यंतची पावलं मोजून. तीनशे बारा पावलं जायला, तीनशे बारा यायला. दर पाळीला कामाची इतकी मिनिटं वाचतील असा तक्ता करून तिने अर्ज दिला होता. साहेबाने तक्त्याचं कौतुक केलं होतं. उंट केव्हाच निवृत्त झाला होता. त्याच्या जागी एक बाई फोर्कलिफ्ट चालवत होती, गाणं गुणगुणत, आणि तिला डॉकवर बघून त्या बाईने गाणं थांबवलं, काही हवंय का विचारलं. काही नाही, चालू दे, ती म्हणाली.

मंगळवारी घरी आल्यावर तिने एका बैठकीत पाचही 'का' लिहून काढले. सुपरवायझर जागेवर का नव्हती, कारण ती तिसऱ्या इमारतीत होती. तिथे का, कारण बायकांसाठी दुसरी जागाच नव्हती. किल्ली कुणाला का दिली नाही, कारण ज्याला द्यायची ती जागा चौदा महिने रिकामी होती. इतका वेळ का लागला, याचं उत्तर तिने तीन वाक्यांत लिहिलं, दवाखान्याच्या भाषेत, सोळा वर्षांपूर्वी रात्रभर जुळवलेलीच ती वाक्यं होती, फक्त 'मी'च्या जागी 'ती' घातलं. आणि चौकशीत तिने चहा का सांगितलं, या पाचव्या 'का'पुढे तिने लिहिलं, समोर कप होते म्हणून. मग आपलं नाव आणि हजेरी क्रमांक टाकून पाठवून दिलं. पाठवल्यावर घाबरायला होईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. भूक लागली होती. तिने भाजी चिरायला घेतली.

गुरुवारी संध्याकाळी सरांचा फोन आला. त्यांनी आधी बराच वेळ इकडचं तिकडचं विचारलं, कामाचं, परीक्षेचं, आणि मग म्हणाले की गृहपाठ त्यांनी दोनदा वाचला.

"त्या खोलीत कोपऱ्यात लिहून घ्यायला बसलो होतो, तो मी."

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. खरं म्हणजे शनिवारी चौकोनातल्या त्या कललेल्या मानेकडे बघताना तिला तसं वाटलं होतं आणि तिने ते झटकून टाकलं होतं.

सर म्हणाले की तुमचं आडनाव तेव्हा वेगळं होतं, म्हणून लक्षात आलं नाही. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी ती साफ विसरली होती. ती त्या खोलीत येऊन बसली तेव्हा शिपायाने तिच्यापुढेही कप ठेवला होता. "तुम्ही तो बाजूला सारलात. म्हणालात, मी चहा पीत नाही. शिपाई म्हणाला, थोडासा तरी घ्या, बाई. तर म्हणालात, लहानपणापासूनच नाही पीत. आणि दहा मिनिटांनी साहेबांनी विचारलं कुठे होतात, तर म्हणालात चहाला. मी दोन्ही ऐकलं. लिहिलं एकच."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ही केस मी नऊ वर्षं शिकवतोय," सर म्हणाले. "दर वर्षी वाटतं, कोणीतरी विचारेल की हा माणूस खरंच चहाला गेला होता का."

"तुम्हीच विचारायचं होतंत," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण तिला स्वतःला तो अनोळखी वाटला. "तुम्ही खोलीत होतात."

ते म्हणाले, हो. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि ती माझी पहिली नोकरी होती, पण हो. त्यांनी विचारलं, केस काढून टाकू का? तिने नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या सुपरवायझरची रिकामी जागा, बायकांच्या खोलीपर्यंतची तीनशे बारा पावलं, हे त्यात घाला. आणि सुपरवायझर बाई होती एवढं लिहा. बाकीचं नको, ते माझं आहे. सर ठीक म्हणाले. फोन ठेवताना त्यांनी मार्कांचं काही सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

नंतर ती स्वयंपाकघरात गेली, ओट्यापाशी उभी राहिली आणि तिथे तिला एकदम ते सुचलं.  शिपायाला माहीत होतं, सरांना माहीत होतं. मग तिच्या नवऱ्याला? नऊ वर्षं रोज सकाळी त्याने एक कप चहा टाकला होता, एकच, आपल्यापुरता, आणि तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात दूध गरम केलं होतं. त्याच्या आईने चहा पीत नाही ही कसली सून म्हणून चेष्टा केली तेव्हा तोच म्हणाला होता, माझा खर्च वाचला. तो माणूस शुक्रवारी गावाहून आला आणि त्याने ते पत्र वाचलं. त्यात सरळ लिहिलं होतं, चहासाठी जागा सोडून गेल्याचे त्यांनी मान्य केले आहे. त्याने ते घडी घालून पाकिटात ठेवलं. मग तो नम्र झाला. सोळा वर्षं ती त्याच्या त्या नम्रपणाचा अर्थ लावत आली होती. त्याला आपला कंटाळा आला, मूल होत नाही म्हणून मन उडालं, नोकरीतली बदनामी त्याला नको झाली. तो पत्र कसं वाचत असेल याचा विचार तिने कधी केलाच नव्हता, कारण तिच्या लेखी ते पत्र तिच्याबद्दलचं होतं.

तिने ओटा पुसला. कोरडाच होता, तरी पुसला. साडेसात वाजले होते, म्हणजे तो घरी असेल, जेवायची वेळ झाली नसेल. आज तिचा वाढदिवस नव्हता. फोन तिसऱ्या घंटेला उचलला गेला आणि तो घाईने म्हणाला, काय गं, बरी आहेस ना? बरी आहे, ती म्हणाली, थोडं बोलायचं होतं. मागून एका बाईचा आवाज आला, कोण आहे? कामाचं आहे, त्याने तिकडे सांगितलं. मग दार उघडल्याचा, लावल्याचा आवाज, जिन्यावरची पावलं, आणि मग त्याच्या मागे रस्ता ऐकू यायला लागला. बोल, तो म्हणाला.

तिने सांगितलं. फार वेळ लागला नाही. बारा दिवस, ती दुपार, तिसरी इमारत, फरशी, डॉक्टरीणबाई. तुला चपला हातात घेऊन येताना बघायचं नव्हतं मला, हेही सांगितलं. मध्ये त्याने एकदाच विचारलं, दुखलं का फार? ती म्हणाली, हो. सांगून झालं तेव्हा आता तो रडेल किंवा रागावेल असं तिला वाटलं, पण तो गप्प होता, आणि तो लिफ्टच्या खड्ड्यात वाकून बघताना व्हायचा तसा गप्प होता, खाली काय अडकलंय ते शोधत असल्यासारखा.

"तू चहा पीत नाहीस," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मला वाटलं, कोणीतरी आहे. पाऊण तास. मला वाटलं, कुणाला तरी भेटायला गेली होतीस आणि ते सांगता येत नाही म्हणून चहा म्हणालीस."

तिने ओट्याला हात टेकला. पाच वर्षं त्या घरात दोघं एकमेकांना मीठ पुढे करत, बत्ती मालवू का विचारत राहिले होते, आणि तो रोज कुणा एका नसलेल्या माणसासोबत जेवायला बसत होता.

"मग विचारलं का नाहीस?" ती म्हणाली.



"आणि तू हो म्हणाली असतीस तर?"

 ती स्वयंपाकघरातच खाली बसली, भिंतीला पाठ लावून. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, त्याच्या बाजूच्या की तिच्या, हे सांगता आलं नसतं. फोन दोघांपैकी कोणीच ठेवला नाही.